सहलीची बस आणि पिशव्या सांभाळणारी बाई

महिला गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. काहींचे डोळे चमकतात. काही मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "रेशनकार्डांचं काम अर्धवट पडलंय, कंत्राटी बायांच्या ब्रेकचा प्रश्न तसाच आहे, आणि आपण पाळण्यात बसायला चाललो?" या दुसऱ्या मैत्रिणींशी मला थोडं भांडायचं आहे. एका दिवसाची कौटुंबिक सहल ठरवायला बसून तर पाहा. वेळ कोणाचा, पैसा कोणाचा, वाहन कोणाचं आणि मजा करायची परवानगी कोणी कोणाला द्यायची, हे आपले नेहमीचेच प्रश्न एकेक करून समोर येऊन बसतात.

पिंपरी, भोसरी, चाकण पट्ट्यातल्या मुलांच्या तोंडी सहल म्हटली की बहुतेक एकच नाव असतं, इमॅजिका. रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर हे मोठं मनोरंजन उद्यान एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं. पुढच्या वर्षी शेजारीच पाण्याचं उद्यान आलं. २०२२ मध्ये हा सगळा कारभार संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेला. लोणावळ्याचं वेट-एन-जॉय हे वॉटर पार्कही त्याच समूहाचं. आधीच्या पिढीची मौज निगडीच्या दुर्गा टेकडीजवळच्या अप्पूघरात किंवा भोसरीच्या सहल केंद्रात भागत होती. फारच झालं तर गोराईचं एस्सेलवर्ल्ड, तेही आता बंद झालं. निगडीला गावातल्या बसने जाता येतं. खोपोली इथून सत्तर-ऐंशी किलोमीटर, मध्ये घाट. म्हणून उद्यानवाल्यांनी शहाणपणा केला आणि तिकिटाला बस जोडली. हमरस्त्यावरच्या ठरलेल्या थांब्यावर सकाळी बस येते, फाटकाशी सोडते, संध्याकाळी परत आणते. प्रवेश, प्रवास आणि पॅकेज तसं असेल तर जेवण, सगळं एकाच पावतीत.

मोठ्या माणसाचं तिकीट हजाराच्या पुढे जातं. चार माणसांचं घर म्हटलं तर कंत्राटी कामगाराच्या पगाराला मोठंच भगदाड. तेव्हा हे बाजाराने फुगवलेलं खूळ आहे, या टीकेत तथ्य आहेच. पण ही टीका नेमकी कधी ऐकू येते ते पाहा. गुरुवारच्या सुट्टीला घरातल्या पुरुषाने मित्रांबरोबर ढाब्यावर हजार रुपये उडवले तर त्याला कोणी बाजारवाद म्हणत नाही. त्याला 'आठवडाभर राबतो, एक दिवस बसला' असं म्हणतात. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात जमा व्हायला लागले. तेव्हापासून चहाच्या टपरीवर, रिक्षा स्टँडवर सारखं ऐकू येतं, "फुकटच्या पैशात मजा करतात." त्या पैशातून मुलाची फी भरली, सासूचा चष्मा आणला, तर ती शहाणी. पाळण्यात बसली तर उधळी. योजनेबद्दल आपले मतभेद असतील, माझेही आहेत. पण बाईच्या हातातल्या पैशाचा हिशेब मागण्याची ही खोड योजनेच्या कितीतरी आधीची आहे.

सुट्टी ही मागून मिळवलेली गोष्ट आहे. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे दहा हजार गिरणी कामगारांची सभा झाली आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या दोघींची नावं आपल्याला पाठ नाहीत. पण रविवार मागायला बायका पुढे होत्या एवढं तरी आपण विसरू नये. रविवार आला आणि घरातल्या बाईला त्या दिवशी दुप्पट काम लागलं: सगळे घरी, मटण, धुणं, पाहुणे. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगाराबरोबर हक्काची रजा हीदेखील तिची मागणी होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी करार केला. त्यात आठवड्याला सलग चोवीस तास विश्रांती सांगितली आहे. भारताने तो करार अजून स्वीकारलेला नाही.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. इथली साप्ताहिक सुट्टी बहुतेक कारखान्यांत गुरुवारी. विजेचा भार वाटून घेण्यासाठी पडलेली ही पद्धत आता अंगवळणी पडली आहे. मुलांची शाळा रविवारी बंद. नवरा पाळीवर, म्हणजे दर आठवड्याला घड्याळ बदललेलं. बाई घरकाम करणारी असेल तर तिला मालकिणीच्या सोयीचा दिवस मिळणार. ती कंत्राटावर कंपनीत असेल तर खाडा म्हणजे पगार गेला. १९४८ च्या कारखाने कायद्यात वर्षात २४० दिवस भरले तर दर २० दिवसांमागे एक पगारी रजा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितेत ही अट १८० दिवसांवर आली. कागदावर चांगलंच आहे. पण जिला सहा-सात महिन्यांनी ब्रेक देऊन पुन्हा नव्याने घेतात, तिचे १८० दिवस कधी भरायचे? अशा घरात पाच जणांना सोयीचा एक वार काढणं म्हणजे पंचांग मांडून बसण्यासारखंच आहे. गुरुवारी तिकीट शनिवार-रविवारपेक्षा स्वस्त पडतं, पण शाळा बुडते. रविवारी शाळा बुडत नाही, पण नवऱ्याचा खाडा होतो. हे गणित घरात कोण सोडवतं? जिला कुठलाच वार सुट्टीचा नाही तीच.

शिवाय ते एवढ्यावर संपत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं. म्हणजे सहलीचा दिवस पाण्याच्या दिवशी येऊन चालत नाही, नाहीतर पुढचे दोन दिवस घर कोरडं. सासूची गोळी शेजारणीला सांगायची, किल्ली ठेवायची, मुलांची चाचणी नाही ना ते बघायचं. आणि आपली पाळी! गणपतीला, वारीला, लग्नाला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या बायका घेतात, हे आपल्याला माहीत आहे. आता सहलीचीही त्यात भर पडली, कारण तारखेचं तिकीट, पैसे परत नाहीत. ही गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणली जाते, डॉक्टरला विचारलं जात नाही. गटाच्या बैठकीत सहलीबरोबर हा विषयही घ्या, असं मी मुद्दाम सुचवते. तिकीट मात्र काढलं जातं नवऱ्याच्या मोबाइलवरून. पैसे बचत गटातून तिने उचललेले, माहिती तिने चार जणींना विचारून गोळा केलेली, पण संदेश त्याच्या फोनवर येतो. मग तो कंपनीत सांगतो, "घरच्यांना घेऊन चाललोय."

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत आलं आहे की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. २०१९ च्या पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली! स्वयंपाक, धुणं, झाडलोट या नोंदी तिथे होतात. पण पाच माणसांच्या पाच अडचणी डोक्यात धरून महिनाभर एक दिवस जुळवत राहणं कुठल्या खान्यात मांडायचं? हात चालत नाहीत म्हणून ते काम दिसत नाही. बाई भांडी घासताघासता ते करते.

एवढं सगळं असूनही बससकट सहलीच्या बाजूने मी बोलते आहे, त्याला कारण ती बसच आहे.

आपल्याकडे वाहन पुरुषाचं असतं. मोटारसायकलवर तो पुढे, टाकीवर धाकटा, मागे ती एका अंगाने बसलेली, मांडीवर मुलगी आणि हातात पिशवी. लोणावळ्याला असं जाणारी कुटुंबं पावसाळ्यात कितीतरी दिसतात. त्याच्या मर्जीने निघायचं, त्याच्या मर्जीने थांबायचं, येताना तो प्यायला असेल तर जीव मुठीत धरून बसायचं. भाड्याची गाडी केली तरी पुढची सीट त्याची आणि ड्रायव्हरशी बोलणंही त्याचंच. ठरलेल्या बसला वेळ असते. ती सहाला येणार म्हणजे सहाला येणार. नवरा, सासरे, दीर कोणाच्याही रुसव्यासाठी ती थांबत नाही. उद्यानाच्या फाटकाशी सगळ्यांना सारखीच सोडते. येताना घाटात बाईला झोप लागू शकते. ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्या ओळखीच्या एका बाईला सहलीतलं काय आवडलं असं विचारलं, तर ती म्हणाली, "खंडाळा कधी गेला कळलंच नाही. खिडकीला डोकं टेकून झोपले होते." मुलं पाळण्यांची नावं सांगत होती, आणि ही झोपेबद्दल बोलत होती.

दुसरी गोष्ट खाण्याची. अशा उद्यानांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. यावर पुरुषमंडळी फार चिडतात, आणि आतले भाव पाहता चिडणं बरोबरच आहे. पण हा नियम नसता तर काय झालं असतं? पहाटे तीनला उठून दशम्या, पुऱ्या, बटाट्याची भाजी, दहीभात, चिवड्याचे डबे. जुन्या सहलींच्या आठवणी आपण मोठ्या प्रेमाने सांगतो, त्यात आईच्या हातची पुरी हमखास असते. आई रात्री किती झोपली होती ते त्या आठवणीत नसतं. कंपनीने नफ्यासाठी केलेला एक नियम अवचित बाईच्या पदरात एक सकाळ टाकून जातो. कंपनीचे उपकार मानायची गरज नाही. पण ती सकाळ तिला मिळते, हे खरं. आणि ती नियमामुळेच मिळावी लागते, घरच्यांच्या समजुतीने मिळत नाही, हेही नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

मग उद्यानात शिरल्यावर काय होतं? इथे माझा उत्साह थोडा ओसरतो. कुठल्याही पाण्याच्या उद्यानात दुपारी बाराला जाऊन कडेच्या बाकांकडे पाहावं. तिथे बायका बसलेल्या असतात. साडी नेसलेल्या, पंजाबी ड्रेस घातलेल्या, प्रत्येकीच्या भोवती पिशव्या, चपला, चष्मे, मोबाइल, टॉवेल. सामान ठेवायला कुलूपबंद कप्पे असतात, पण त्यांना भाडं पडतं. आईला भाडं पडत नाही. तिने हजाराच्या वरचं तिकीट काढलेलं असतं आणि ती दिवसभर कप्प्याचं काम करते.

त्यात पोशाखाचा नियम आहे. घसरगुंड्यांवर सुती कपडे, साडी, ओढणी चालत नाही, नायलॉनसारख्या कापडाचे पोहण्याचे कपडे लागतात. नियम सुरक्षेचा आहे, ओढणी अडकून काय होतं हे वेगळं सांगायला नको. असे कपडे तिथे भाड्यानेही मिळतात. पण चाळिशीच्या बाईने ते सासऱ्यांसमोर, दिरासमोर, शेजारच्या बसमधून आलेल्या टोळक्यासमोर घालायचे कसे? म्हणून ती म्हणते, "तुम्ही जा, मी बसते सामानापाशी." सगळे खूश. तिला पाण्याची आवड नाही असं घरात ठरून जातं. लहानपणी इंद्रायणीत किंवा भामेच्या पात्रात डुंबलेली बाई ही, आणि तिला पाण्याची आवड नाही!

म्हणून गटांनी केवळ बायकांची सहल काढावी, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षातून एकदा तरी. कुटुंबाबरोबर जायला माझा विरोध नाही, पण कुटुंबाबरोबर गेलेली बाई कामावर असते. बायकाबायका गेल्या की त्या भाड्याचे कपडे घालतात, एकमेकींना हसतात आणि पाण्यात उतरतात. पिशव्या सांभाळायच्या पाळ्या लावाव्या लागतात, त्या लागतात आपोआप. गरोदर आहे म्हणून मोठ्या पाळण्यात बसता येत नाही, पण घरी अजून सांगितलेलं नाही, अशा पोरीलाही तिथे कोणी फार प्रश्न विचारत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांच्या उगाच भटकण्याच्या हक्काबद्दल २०११ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. काही काम नसताना बाहेर असणं हाही हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. आपल्या पट्ट्यात बाई घराबाहेर दिसली तर ती कामाला, दवाखान्यात, शाळेत नाहीतर देवाला चाललेली असते. नुसती मजा करायला निघालेली बाई अजून कोणाच्या पचनी पडत नाही. 'फॅमिली पॅकेज'च्या जाहिरातीतही तिला जागा आई म्हणूनच आहे. चित्रात आई, बाबा आणि दोन मुलं. परित्यक्ता बाई तीन मुलं घेऊन गेली किंवा दोन बहिणी म्हाताऱ्या आईला घेऊन गेल्या, तर ती फॅमिली नव्हे काय?

देवाला जायची परवानगी मात्र सहज मिळते. म्हणूनच आपल्या बायकांची सहल पिढ्यानपिढ्या देवाच्या नावाने होत आली: जेजुरी, आळंदी, कार्ल्याची एकवीरा. यात कमीपणा काही नाही, बायकांनी आपली वाट शोधली. पण त्या वाटेवर वाहन कुठलं असतं, हे पाहायला हवं.

११ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार. खेड तालुक्यात पाईटजवळ श्रीक्षेत्र कुंडेश्वरच्या दर्शनाला पापळवाडीच्या बायका निघाल्या होत्या. वाहन होतं पिकअप, माल वाहायचं. त्यात तीसहून जास्त माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. चढावर गाडी मागे आली आणि खोल कोसळली. किमान दहा बायकांचा जीव गेला. चाकणच्या औद्योगिक वसाहतीपासून हे ठिकाण लांब नाही. या वसाहतीत देशोदेशीच्या कंपन्यांच्या मोटारी तयार होतात, कामगारांना आणायला-सोडायला रोज शेकडो बसेस धावतात. त्याच तालुक्यातल्या बायकांना श्रावणातल्या एका सोमवारी बसायला सीट मिळाली नाही. अपघातानंतर चालकाचं काय, रस्त्याचा कठडा कुठे, जादा माणसं का भरली, हे प्रश्न विचारले गेले आणि ते विचारायलाच हवेत. पण एवढ्या बायका मालाच्या गाडीत उभ्या का होत्या? देवाला जाणं हे 'काम' नाही, म्हणून त्यासाठी बस नसते. बायकांच्या मौजेसाठी तर नाहीच नाही.

बस एका वेळी मात्र फुकट मिळते. पिंपरी-चिंचवड महापालिकेवर मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता, निवडणूक लांबत गेली आणि शेवटी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं. मधल्या काळात इच्छुकांनी बायकांसाठी देवदर्शनाच्या बसेस सोडल्या, पैठणीचे खेळ घेतले. बसवर भाऊंचा फोटो, हातात भाऊंची पिशवी, परत येताना भाऊंचं भाषण. बायका गेल्या. मी त्यांना नावं ठेवणार नाही. चार दिवस घराबाहेर, आयतं जेवण, मैत्रिणींची सोबत. यात त्यांनी आपला फायदा बरोबर ओळखला. पण ही बस मतदानाच्या दुसऱ्या दिवशी बंद होते. आणि कुठे जायचं, कधी थांबायचं हे तिथेही भाऊच ठरवतात.

आता उद्यानाच्या बसचं पाहू. सीट मिळते, पट्टा असतो, वेळ असते. पण ही बस वाकड-निगडीच्या बाजूने, हमरस्त्याने जाते. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीतल्या बाईने सकाळी सहाला तिथवर यायचं कसं? आणि रात्री नऊ-दहाला हमरस्त्यावर उतरून, झोपलेली मुलं खांद्यावर घेऊन घरी जायचं कसं? तळेगाव-चाकण रस्त्याची कोंडी सगळ्यांना माहीत आहे. रात्री कंपन्यांच्या पाळ्या सुटतात, सहा आसनी रिक्षात दहा-दहा जण बसतात. पॅकेजच्या पावतीवर हे पहिले आणि शेवटचे वीस किलोमीटर नसतात, आणि बाईची भीती नेमकी तिथेच असते. तेवढ्यासाठी पुन्हा घरच्या पुरुषाला फोन करावा लागतो, म्हणजे पुन्हा मोटारसायकल आणि पुन्हा त्याची मर्जी. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या एस.टी. बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. त्यानंतर स्थानकं, दिवे, पहारा यांवर पुष्कळ बोलणं झालं. हमरस्त्याच्या पुलाखालच्या, पाटी नसलेल्या, दिवा नसलेल्या थांब्यांवर कोण बोलणार? हजारो कामगार बायका रोज तिथूनच जातात-येतात.

खासगी कंपनीला जे कळलं ते सरकारला कळायला हरकत नाही, की वाहन दिल्याशिवाय माणसं येत नाहीत. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्या बायकांनी भरून वाहू लागल्या. माहेर, बाजार, देवस्थान, नुसतं फिरणं. म्हणजे बायकांना फिरायचं होतंच, अडत होतं ते पैशाशी. पण ही सवलत एकेकट्या तिकिटावर आहे. पस्तीस-चाळीस बायकांच्या गटाने मिळून प्रासंगिक करारावर आख्खी एस.टी. घ्यायची म्हटली की किलोमीटरचा हिशेब सुरू होतो, अनामत भरावी लागते. शाळा-कॉलेजच्या सहलींना याच प्रासंगिक करारात एस.टी. निम्मी सवलत देते. मग नोंदणी असलेल्या बचत गटांना का नाही? पिंपरीतल्या वल्लभनगरच्या आगारात आणि तालुक्याच्या आगारांत या मागणीचं निवेदन घेऊन गटांनी जायला हवं. गाडी दारातून निघाली पाहिजे, म्हणजे वस्तीच्या तोंडाशी आली पाहिजे आणि रात्री तिथेच सोडली पाहिजे. पीएमपीएमएलने बायकांसाठी मार्च २०१८ मध्ये तेजस्विनी बस सुरू केली, तिचा उपयोग झाला. तशी एखादी गाडी गुरुवारी किंवा रविवारी वस्त्यांमधून सहलीला सोडणं त्यांना अशक्य नाही.

महापालिकेलाही एक सांगायचं आहे. प्रत्येक बाईला खोपोली परवडणार नाही, आणि परवडलं तरी वर्षातून एकदाच. गावातल्या बागा, भोसरीचं सहल केंद्र हेच तिचं रोजचं उद्यान. निसर्गकवी बहिणाबाई चौधरींच्या नावाचं प्राणिसंग्रहालय याच शहरात आहे. नूतनीकरणासाठी म्हणून ते वर्षानुवर्षं बंद राहिलं. बाईचं नाव दिलं की काम झालं असं समजतात की काय कोण जाणे. बागेत स्वच्छ, पाणी असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह नसेल तर बाई दीड तासात घरी परतते, हे आपण किती वेळा लिहिलं आहे.

तूर्त, ज्या गटांना उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीनंतर बससकट तिकीट काढून जायचं आहे त्यांनी पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. बसचा आपल्याला सर्वांत जवळचा थांबा कुठला आणि परतीला तिथेच सोडणार का. बस चुकली किंवा बिघडली तर काय. तारीख बदलता येते का. मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर असतं, तेव्हा घरीच भिंतीशी उभं करून मोजून घ्यावं, नाहीतर फाटकाशी भांडण होतं. जेवण धरून भाव आहे की वेगळा. भाड्याच्या पोशाखाला किती पैसे आणि किती अनामत. सामानाचा कप्पा पाच-सहा जणींत मिळून एक घेतला तर फार पडत नाही. हा खर्च सुरुवातीलाच वर्गणीत धरावा, मागाहून धरला की कोणीतरी "राहू दे, मी बसते" म्हणतेच. तिथे कपडे देणाऱ्या, झाडू मारणाऱ्या मुलींशीही दोन शब्द बोलावं आणि त्यांची सुट्टी कुठल्या वारी असते ते विचारावं.

ज्या गटांनी प्रासंगिक करारावर एस.टी. घेऊन सहल केली आहे त्यांनी आगाराचं नाव, किलोमीटर, भरलेलं भाडं, अनामत परत मिळायला लागलेले दिवस आणि गाडी वस्तीपर्यंत आली की नाही, एवढं पत्राने कळवावं. निवेदन लिहायला ते आकडे लागतील.